नवरा दाखवा, घर मिळवा

प्रधानमंत्री आवास योजना शहरांत २०१५ साली आली, तेव्हा आम्हा कार्यकर्त्यांना तिच्यातली एक अट मनापासून आवडली होती. घर कुटुंबातल्या कर्त्या बाईच्या नावावर, निदान दोघांच्या नावावर झाले पाहिजे. घरात प्रौढ बाईच नसेल तरच एकट्या पुरुषाच्या. सातबाऱ्यावर बाईचे नाव लागावे म्हणून ज्यांनी चपला झिजवल्या त्यांना याचे मोल सांगायला नको.

पण आमच्या लहानशा शहरात बायांचे अर्ज भरून देताना मला दिसते ते असे, की घर बाईच्या नावावर होते, मात्र तिला नवरा असेल तर. किंवा तो मेलेला असेल तर. मृत्यूचा दाखला चालतो, घटस्फोटाचा हुकूमनामा चालतो. नुसत्या टाकून दिलेल्या बाईकडे दाखवायला कागदच नसतो.

योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. यांपैकी कोणाच्याही नावावर देशात कोठेही पक्के घर असता कामा नये. पुढे कमावत्या प्रौढ व्यक्तीला वेगळे कुटुंब मानण्याची सवलत आली खरी, पण तिथेही नवराबायको मिळून घर एकच. आता आमच्याकडे येणारी एक बाई घ्या. चार घरची धुणीभांडी करते, दोन मुलींना घेऊन भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत राहते. अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याने दुसरी आणली. गावी त्याचे स्लॅबचे घर आहे. नगरपालिकेच्या खिडकीवर हिला ऐकवले गेले, "बाई, तुम्हाला घर आहे की! मिस्टरांचं आधार आणा, नाहीतर कोर्टाचा कागद." ज्या उंबऱ्यावरून तिला हाकलले, ते घर सरकारदरबारी तिचे!

घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो, मालकी असो वा नसो. म्हणजे नवऱ्याच्या घरात बायकोची मालकी नसते हे कायदा जाणतो. मग अनुदान नाकारण्यापुरती ती मालकीण कशी होते? पोटगीचे कलम, जुने १२५ आणि १ जुलै २०२४ पासूनचे नवे १४४, घटस्फोट न घेता वेगळ्या राहणाऱ्या बायकोलाही लागू होते. 'लाडकी बहीण' योजनेच्या २०२४ च्या पात्रतेत तर 'परित्यक्ता' हा शब्दच लिहिलेला आहे. दीड हजार रुपये देताना सरकारला ती ओळखू येते.

"मग घटस्फोट घ्या ना," असे शहाणपण शिकवणारे भेटतात. कोर्टाच्या दर तारखेला मजुरी बुडते, ती कोण भरून देणार? शिवाय कित्येकींना घटस्फोट नकोच असतो. त्याला रान मोकळे का करून द्यायचे, असे त्या विचारतात. वस्तीत मंगळसूत्राचा आधार वाटतो, असेही सांगतात. मला स्वतःला हा आधार पटत नाही. पण तो निर्णय त्या बाईचा, घराचे आमिष दाखवून तो घडवून आणण्याचा अधिकार नगरपालिकेला नाही.

जागेचे तर बोलायलाच नको. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख. जागा कोणाच्या नावावर असते? तयार सदनिका घ्यावी तर उरलेल्या रकमेला बँकेचे कर्ज हवे, आणि धुणीभांडीवालीला पगाराची पावती कोणती मालकीण देते?

सप्टेंबर २०२४ पासून योजनेची दुसरी फेरी सुरू झाली. तिच्यात विधवा आणि एकट्या स्त्रियांना प्राधान्य आहे. पण कुटुंबाची व्याख्या तीच. प्राधान्य रांगेतल्यांना मिळते, आणि हिला रांगेतच उभे राहू देत नाहीत. आमची मागणी साधी आहे. पोटगीचा किंवा संरक्षणाचा आदेश पुरावा धरा. तोही नसेल तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचा पंचनामा आणि तिचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र घ्या. आणि जिथून तिला घालवले ते घर तिच्या नावे मोजू नका.

मैत्रिणींनो, तोवर तोंडी नकार घेऊन खिडकीवरून परत फिरू नका. अर्ज द्या, पोच घ्या, नाकारला तर कारण लेखी मागा. अशा पोचा आणि नकार आम्ही वॉर्डावॉर्डांतून गोळा करतो आहोत. जिल्हाधिकारी कचेरीत ते सगळे एकदमच नेऊ, आणि बायाही सोबत असतील.