केबल आली, उजेड कुठे गळाला? भारतनेटच्या जोडण्यांचा हिशेब

बेळगाव : पंचायतीच्या भिंतीवर भारतनेटचा डबा लागला, पण नेट मिळेना, ही तक्रार खानापुरात जशी आहे तशीच पलीकडे चंदगडातही आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेच्या सुधारित रूपाला केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर केले. पैसा आहे, केबलही आहे. मग अडतंय कुठे? बऱ्याचदा उत्तर डेसिबलच्या हिशेबात सापडतं.

फायबरमधून प्रकाश धावतो आणि वाटेत थोडा थोडा गळतो. ३ डेसिबल गळती म्हणजे प्रकाश निम्मा, २० डेसिबल म्हणजे शंभरातला एकच भाग शिल्लक. जीपॉन यंत्रणेच्या नेहमीच्या वर्गात एकूण २८ डेसिबलपर्यंत गळती चालते. ही झाली जमा.

आता खर्च बघू. समजा तालुक्यापासून पंचायत २० किलोमीटरवर आहे. किलोमीटरमागे ०.३५ धरले तर ७ डेसिबल. दोन किलोमीटरचे दहा ड्रम जोडायला टोकांसह ११ सांधे, प्रत्येकी ०.१ प्रमाणे १.१. चार कनेक्टर, प्रत्येकी अर्धा, म्हणजे २. प्रकाश आठ वाटांत विभागणाऱ्या स्प्लिटरचे १०.५. एकूण २०.६. शिल्लक ७.४. कागदावर जोडणी धडधाकट.

खरी गोम पुढे आहे. रस्ता रुंद करताना जेसीबीने केबल तोडली की मधे नवा तुकडा घालतात, म्हणजे दोन सांधे वाढतात. सांधे नीट केले तर ०.२ जातात. घाईत केले आणि डब्यात फायबर मुडपून कोंबली तर दीड डेसिबलही सहज जातं. अशा पाच दुरुस्त्या झाल्या की ७.५ गेले, शिल्लक संपली. केबल अखंड, पण पंचायतीत अंधार. तेच काम नीट झालं असतं तर पाच दुरुस्त्यांना एकच डेसिबल लागला असता.

म्हणून केबल टाकताना केलेला अंदाज पुरत नाही. प्रत्येक दुरुस्तीनंतर पॉवर मीटरने गळती मोजावी, ओटीडीआरने कितव्या किलोमीटरवर ती वाढली ते बघावं आणि आकडा पंचायतीच्या वहीत लिहावा. ‘लाइन चालू झाली’ एवढ्यावर ठेकेदाराचं बिल निघत असेल, तर गळती कुणाच्याच खात्यावर पडत नाही. तिची किंमत मोजतात दाखल्यासाठी आणि पेन्शनच्या कामासाठी परत परत खेटे घालणारी माणसं. सदस्यांनी पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारावं : आधी किती डेसिबल होते, आता किती?