फाफे, तू काका कधी झालास?

मागच्या रविवारी ताईकडे गेलो होतो. भाचा दहा वर्षांचा, पक्का इंग्लिश मीडियमवाला. त्याच्या हातात माझं लहानपणीचं, पानं सुटलेलं ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ ठेवलं. जोडाक्षर आलं की गाडी अडायची त्याची, पण अर्ध्या तासात चक्क बारा पानं झाली. मी जाम खूश! जेवणं उरकल्यावर म्हटलं, चला, बक्षीस म्हणून सिनेमा. २०१७ चा ‘फास्टर फेणे’ लावला. वीस मिनिटं पोरगा गप्प. मग म्हणाला, ‘‘मामा, हा तर काका आहे. फाफे कधी येणार?’’

माझी बोलतीच बंद.

आता गैरसमज नको. मल्टिप्लेक्समध्ये पाहिला तेव्हा हा सिनेमा मला आवडला होता. आदित्य सरपोतदारनं तो चटपटीत केलाय, अमेय वाघ झकास, गिरीश कुलकर्णीचा अप्पा तर अंगावर येतो. आणि खुद्द भा. रा. भागवतांनाच (दिलीप प्रभावळकर!) गोष्टीत आणायची आयडिया भन्नाटच. पण विषय काय, तर मेडिकलच्या प्रवेश परीक्षेतलं रॅकेट आणि एका मुलाचा मृत्यू. म्हणजे ती पुस्तकं वाचून मोठे झालेल्या आपल्यासारख्यांसाठी काढलेला सिनेमा. ज्यांच्यासाठी भागवतांनी लिहिलं, ती पोरं बाहेरच राहिली.

भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा. पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, काडीपैलवान, सायकलवर सुसाट आणि जिभेनं ‘ट्टॉक्’ करणारा. मोठ्यांच्या जगात हा शाळकरी पोरगा नाक खुपसतो आणि मोठ्यांना न दिसलेलं नेमकं त्याला दिसतं. सगळी गंमत तिथे आहे. एकदा त्याचं वय वाढवलं की ती संपली. मोठ्या माणसानं गुंडांशी पंगा घेणं आपण दर शुक्रवारी बघतोच की!

पुस्तकाशी प्रामाणिक राहायचं म्हणजे झेरॉक्स काढायची असं नाही. ‘सिंहासन’ (१९७९) आठवा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ अशा दोन कादंबऱ्या मिळून तेंडुलकरांनी एक पटकथा केली, तरी साधूंची मुंबई आणि तिथलं राजकारण शाबूत राहिलं. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ २००४ ची, तिच्यावरचा सुजय डहाकेचा सिनेमा २०१२ मध्ये थिएटरात आला. कादंबरीतलं सगळं त्यात मावलं नाही. पण नववीतला जोशी नववीतलाच राहिला. त्याला उचलून कॉलेजात बसवला असता, तर शिरोडकरला चोरून बघतानाची ती धडधड उरली असती का? तपशील खुशाल बदला हो, पण गोष्टीचा जीव कशात आहे ते आधी बघा.

आणि हे आत्ताच का सांगतोय? आपल्या लहानपणी सिनेमा कसाही निघाला तरी पुस्तक घरात असायचं. भाच्याच्या वर्गात फाफे कुणाला माहीतच नाही. हॅरी पॉटर मात्र सगळ्यांना पाठ. सात पुस्तकं, आठ सिनेमे आणि एकेक वर्षानं मोठा होत जाणारा हॅरी. आमच्या फाफेला एका उडीत मोठा करून टाकला! पुस्तकापर्यंत न पोचणाऱ्या मुलांसाठी तोच खरा फाफे ठरणार.

फाफेची डझनाहून जास्त पुस्तकं आहेत. दूरदर्शननं १९८०च्या दशकात सुमीत राघवनला घेऊन मालिका केली होती. आता वेब सीरिजच्या जमान्यात एका पुस्तकाला एक भाग, इतका साधा हिशोब कुणालाच जमू नये? एक लुकडा मुलगा आणि एक सायकल, बजेट तरी कितीसं लागणार?

सिनेमा आम्ही अर्ध्यावर बंद केला. भाचा मुकाट्यानं पुस्तक घेऊन आतल्या खोलीत गेला. मला वाटलं, रुसला. संध्याकाळी निघालो, चपला घालतोय तोच आतून आवाज आला.

‘‘ट्टॉक्!’’