सूर्यास्ताआधी जेवलीस ना?



दोन महिने काही लिहिलं नाही. दोघीतिघींनी फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना म्हणून. माझी बरी आहे. ज्या मुलीची बरी नव्हती तिच्याबद्दलच आज लिहिते. तिला विचारून लिहिते आहे. "लिहा की आजी, फक्त नाव नको," म्हणाली.

माझ्या भाचीची ही मुलगी, जयसिंगपूरची. दीड वर्षापूर्वी खारघरला कॉलेजात आली आणि चौघी मुलींबरोबर पीजीत राहते. मी नेरुळला, म्हणजे हार्बर लाइनवर तीन स्टेशनांचं अंतर. इथे येण्याआधी तिने पणजीजवळ दोन नियम घेतले होते, कंदमूळ नाही आणि रात्री जेवण नाही. हॉस्टेल-पीजीत राहून पोरगी नियम पाळते याचं मला इतकं कौतुक की आपल्या महिला मंडळात मी ते दोनदा सांगितलं. तुमच्यातल्या काहींनी ऐकलंही असेल.

नोव्हेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. खारघर स्टेशनच्या जिन्यात ती चक्कर येऊन पडली होती. दोन मुलींनी आणि एका रिक्षावाल्या भाऊंनी तिला दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा सलाइन लागलं होतं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४. बाईमाणसाचं निदान १२ तरी हवं. बी-१२ही खूप कमी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसभरात काय काय खातेस?" ती गप्प. माझ्याकडे बघून म्हणाली, "खाल्लंय की ओ आजी."

मग हळूहळू कळलं. सकाळी आठला चहा-बिस्किटं घेऊन बाहेर. दुपारी कॉलेजच्या कँटीनमध्ये कांदा, लसूण, बटाटा वगळला की उरतो तो साधा डोसा, तोही भाजीविना, नाहीतर काकडी-टोमॅटोचं सँडविच. साडेपाचला वर्ग सुटणार. नोव्हेंबरच्या शेवटी आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, वर्षातला सगळ्यात लवकरचा सूर्यास्त तो. खोलीवर पोचेपर्यंत अंधार. म्हणून कॉलेजच्या फाटकाशी उभं राहून पाच-चाळीसला दोन खाकरे आणि एक चहा, झालं रात्रीचं जेवण. आई रोज फोनवर विचारायची, "सूर्यास्ताआधी जेवलीस ना?" आणि ती खरं तेच सांगायची, "हो."

एकदाही खोटं बोलली नाही पोरगी. आम्ही प्रश्नच चुकीचा विचारत होतो.

तिच्या खोलीत गेले तर पलंगाखाली डबेच डबे. खाकरे, चिवडा, शंकरपाळी, चकली, बेसनाचे लाडू. गावाहून कोणी आलं की एक पिशवी यायची. त्यातले दोन डबे माझे. लाडवांना वास लागला होता. आपल्या घरांमध्ये पिठाची मर्यादा पाळतात, थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. आणि त्याच घरातून मुलांना दोन दोन महिन्यांचे डबे जातात! हे बोलताना मी स्वतःला वगळत नाही.

मी बी.कॉम. आहे, डॉक्टर नाही, पण बेरीज येते. सरकारच्या पोषण संस्थेने, म्हणजे हैदराबादच्या एनआयएनने, मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात असं सांगितलं आहे. हिचं वजन ४६ किलो. म्हणजे ३८ ग्रॅम. तिच्या दिवसाची बेरीज मी वहीत मांडली, चहातलं दूधसुद्धा धरून. अठराच्या वर काही जाईना. रोज निम्म्याहून जास्त तूट, दीड वर्ष. कुठलं दुकान चालेल असं?

आता कोणी म्हणेल, मग नियम सोडायला सांगा. ते मी सांगणार नाही. माझा तो अधिकार नाही आणि माझं तसं मतही नाही. पण सोळाकारण भावनांमध्ये त्याग आणि तप या दोन्हींच्या मागे 'शक्तितः' हा शब्द लावलेला आहे, तो आपण पूजेत म्हणतो आणि पुढे जातो. सतरा वर्षांच्या मुलीने नियम घेतला, तेव्हा तो पाळण्याची शक्ती तिला कुठून मिळणार, याचा विचार घरातल्या मोठ्यांनी करायचा होता. पणजीने नियम दिला, आईने चौकशी ठेवली, मी मिरवलं. स्वयंपाक मात्र कोणीच शिकवला नाही.

आणि 'जैन' अशी पाटी लावली की आपण निर्धास्त होतो. संध्याकाळी कॉलेजांजवळच्या गाड्यांवर बघा, जैन पावभाजी, जैन सँडविच, जैन पिझ्झा. पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चं केळं घातलं, नियम सांभाळला, ठीक. पण पाव तोच मैद्याचा, लोणी तेवढंच, डाळीचा दाणा नाही. अशा जैन खाण्यावर महिना काढणारा मुलगा कंदमुळापासून वाचतो, अशक्तपणापासून नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ची जी झाली तिच्यात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरातल्या ५७ जणी रक्ताने कमी निघाल्या. महाराष्ट्रात ५४. आपल्या मुली यातून वेगळ्या कशा असतील?

२०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत मेसमधली सहा टेबलं शाकाहारी मुलांसाठी राखण्यावरून केवढा वाद झाला. निषेध केला म्हणून एका विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंडही झाला. आमच्या ग्रुपवर चार दिवस हाच विषय, कोणाचं बरोबर, कोणाचं चूक. शेजारी कोण बसतं यावर शंभर मेसेज. त्या टेबलावरच्या ताटात काय वाढलं होतं, हे एकीनेही विचारलं नाही. मीही नाही.

असो. पुढचं सांगते, कारण तुमच्यातल्या कित्येकींची नातवंडं, भाचरं यंदा बाहेर राहतात.

डिसेंबरचे चार रविवार ती माझ्याकडे आली. पीजीच्या मालकीणबाईंना भेटून इंडक्शन शेगडीची परवानगी घेतली, विजेचे जादा पैसे ठरवून. तीन लिटरचा एक कुकर, एक तवा, एक उलथनं, सुरी. एवढ्यातच बसेल तेवढं शिकवायचं ठरवलं. पहिल्या रविवारी मी आठ पदार्थांची यादी काढली होती. तिने वाचली आणि म्हणाली, "आजी, मला सकाळी पंचवीस मिनिटं असतात." यादी फाडली.

पहिली मुगाच्या डाळीची खिचडी. आपण तांदूळ दोन वाट्या आणि डाळ अर्धी वाटी घेतो, ती आजारी माणसाची खिचडी. हिने दोन्ही सारखे घ्यायचे, अर्धी अर्धी वाटी. पन्नास ग्रॅम डाळीत बारा ग्रॅम प्रथिनं असतात, तांदळाची चार धरा. जिरं, हिंग, हळद, मेथ्यांचे चार दाणे, दुधी नाहीतर फरसबी नाहीतर मटार, तीन वाट्या पाणी, तीन शिट्या, तेवढ्यात आंघोळ. वरून तूप आणि लिंबू. लिंबू विसरायचं नाही, डाळीतलं लोह त्याने अंगी लागतं. आणि जेवणाबरोबर चहा नाही, मागेपुढे तासभर सोडायचा, कारण चहा तेच लोह अडवतो. या चहाबद्दल तिने माझ्याशी जितका वाद घातला तितका कशाबद्दलच घातला नाही.

खिचडी दुपारच्या डब्यात. खरी अडचण संध्याकाळची होती. साडेपाच ते सहा या अर्ध्या तासात खोलीवर पोचून स्वयंपाक होणं शक्य नाही, मग ते जेवणही सकाळीच बरोबर न्यायचं. त्यासाठी मुगाच्या डाळीच्या पिठाचं धिरडं. आठवड्यापुरतं पीठ मी दळून देते, जास्त नाही. चार मोठे चमचे पीठ, मिरची, कोथिंबीर, ओवा, किसलेला दुधी किंवा चिरलेला कोबी, पाणी. तव्यावर दोन धिरडी होतात, बरोबर शेंगदाण्याची चटणी. पहिलं धिरडं तव्याला चिकटलं, दुसरं फाटलं, तिसरं माझ्यापेक्षा गोल आलं. थंड झालं तरी खाता येतं आणि वर्गाबाहेरच्या बाकावर बसून सव्वापाच-साडेपाचला खाता येतं. फक्त याच्याबरोबर दही घेऊ नकोस म्हणून सांगितलं, द्विदल होतं. दही हवं तर भाताबरोबर किंवा थालीपिठाऐवजी पोळीबरोबर. मेतकुटाचंही तेच, त्यात डाळी असतात, म्हणून मेतकूट तूप-भातावर, दहीभातावर नाही. हे माझ्या सुनेलाही माहीत नव्हतं.

तिसरी गोष्ट तर करायचीही नाही. पर्समध्ये एक डबी, मूठभर फुटाणे, मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा. दोन्ही मिळून बारा ग्रॅम होतात. शेंगदाणे जमिनीखाली येतात, मग चालतात कसे, हे तिची मैत्रीण विचारत होती. ते कंद नाही, मूळ नाही, शेंगच आहे, असं तिने तिला सांगितलं. झोपायच्या आधी दूध घेता येत नाही, म्हणून ते सकाळी, पाव लिटर, चहाऐवजी. आठ ग्रॅम. करा बेरीज, सोळा, दहा, बारा, आठ. शेंगदाण्याची चटणी वेगळी. ३८ची गरज भागली, आणि खर्च म्हणाल तर कँटीनच्या एका सँडविचच्या आसपास.

कडधान्यांना मोड आणायला डॉक्टर सांगतात. आपल्यात पुष्कळ घरी मोड खात नाहीत, आम्हीही नाही. त्यावाचून अडत नाही. अळिवाचे लाडू आठवड्याला सात, रोजचा एक, यंदा तेवढेच पाठवते. बी-१२ मात्र या कशातून भरून निघत नाही. डाळी-भाज्यांत ते नसतंच, दुधा-दह्यात असतं ते थोडं. तूट मोठी असेल तर औषध घ्यावं लागतं, त्यात कमीपणा नाही. दुकानदाराला एवढंच सांगायचं की जिलेटिनची कॅप्सूल नको, गोळी द्या. आणि तपासून घ्या, मुलांची आणि स्वतःचीही. मी घेतली. माझंही कमीच निघालं.

चौथा रविवार आम्ही पोहे-उपमा करण्यात घालवणार होतो, पण तिने तिच्या खोलीतल्या मुलीला आणलं, आणि त्या मुलीने तिच्या भावाला. भाऊ बेलापूरला राहतो, इंजिनिअरिंगला आहे, तो बाहेर उभा. मी म्हटलं, "आत ये, तुला भूक लागत नाही का?" माझ्या मुलाला मी काही शिकवलं नव्हतं. पुण्याला चार वर्षं मेस आणि डबे यांवर काढली त्याने, आणि अजूनही पोळी येत नाही. सून हसते, मला हसू येत नाही.

आपल्या समाजाने विद्यार्थ्यांच्या जेवणाची काळजी पूर्वी केली नाही असं नाही. शंभर वर्षांपूर्वी बोर्डिंगं काढली. कोल्हापूरचं जैन बोर्डिंग आमच्या भागातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. मुंबईत १९१५ पासूनचं महावीर जैन विद्यालय आहे. आपल्या कुंभोजचे कर्मवीर भाऊराव पाटील, त्यांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत. मुलांना जेवायला घालायला पैसे नव्हते तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. आपण त्यांचे फोटो लावतो. आणि आपल्याकडे आज जे पर्वाच्या दिवशी भोजन होतं, मोठमोठी पातेली, शेगड्या, वाढपी, ते उरलेलं वर्ष कुलपात असतं.

मी मंडळात विषय काढला. कॉलेजच्या मुलांसाठी सोमवार ते शुक्रवार, पाच ते सहा, वरण-भात, एक भाजी, पोळी. फुकट नको, मुलांनी महिन्याचे पैसे द्यावेत, म्हणजे हक्काने येतील. उत्तरं अशी आली की ट्रस्टींना विचारावं लागेल, पाच वाजता कोण येणार, इतर मुलं आली तर काय करायचं. शेवटच्या प्रश्नावर मी म्हटलं, इतर मुलं आली तर पोळ्या जास्त लाटायच्या. एक-दोघींना ते आवडलं नाही. सहा जणी मात्र तयार आहेत, आणि ट्रस्टींचं उत्तर यायचं आहे. तोवर आम्ही सहा जणींनी एकेक वार वाटून घेतला आहे, आपापल्या घरी, रविवार धरून. शनिवार अजून रिकामा आहे, कोणाला जमत असेल तर कळवा.

हिमोग्लोबिन आता १०.१ झालंय. संध्याकाळी तिची आई फोन करते तेव्हा "डब्यात काय होतं?" असं विचारते. आता जानेवारीत सूर्यही वीस मिनिटं उशिरा मावळतो, त्यामुळे धिरडं घाईत खावं लागत नाही.

या रविवारी पाच मुलं येणार आहेत, त्यांतले तिघे मुलगे. वरणफळं करायची आहेत. पाच लिटरचा कुकर माळ्यावर आहे, त्याची रिंग बदलून आणायला हवी.