दोष पुढाऱ्यांचा आणि प्रार्थना आपली

उन्हाळा लागला आणि विहिरींनी तळ गाठला की आपल्या घाटनांदुरात स्थानकावर, बाजारात व घरोघरच्या ओसरीवर एकच चर्चा ऐकू येते. पाणी नाही, यास पुढारी कारण. रस्ता खचला, यास पुढारी कारण. मुलगा शिकून रिकामा बसला, यासही पुढारीच कारण! या बोलण्यात मुळीच तथ्य नाही, असे मी म्हणत नाही. बीड जिल्ह्याने १९७२ चा दुष्काळ सोसला. २०१६ साली शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी पुरवावे लागले. आणि आजही या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे दरसाल ऊसतोडीसाठी घरदार सोडून जातात. अशा मुलखात राज्यकर्त्यांस जाब विचारणे हा लोकांचा हक्कच होय. परंतु जाब विचारणे निराळे आणि दोष देऊन मोकळे होणे निराळे. जाब विचारणारा मनुष्य स्वतःही कामास लागतो. दोष देणाऱ्यास मात्र आपले काम संपले असे वाटू लागते.

पवित्र शास्त्रात नहेम्याचा वृत्तांत आहे. तो पारसच्या राजाचा प्यालेबरदार होता. यरुशलेमेचा तट पडला आहे व तिच्या वेशी जळून गेल्या आहेत, हे वर्तमान ऐकून त्याने उपास केला व प्रार्थना केली. त्या प्रार्थनेत पूर्वीच्या राजांवर ठपका ठेवून तो थांबला नाही. आपण स्वतः व आपले घराणे यांनीही पाप केले आहे, असे त्याने देवापुढे कबूल केले. मग तो राजापुढे गेला, रजा व लाकूड मागून घेतले, रात्री हिंडून पडका तट स्वतः पाहिला आणि अवघ्या ५२ दिवसांत काम तडीस नेले. त्या कामात कित्येकांनी आपापल्या घरासमोरचाच भाग बांधला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. तट सगळ्या नगराचा. पण आरंभ ज्याच्या त्याच्या दारापासून!

येथे कोणी विचारील, "मास्तर, प्रार्थना म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसण्याचा उपदेश नव्हे काय?" याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडते. पंडिता रमाबाईंएवढी प्रार्थनाशील स्त्री क्वचितच आढळेल. तथापि १८९७ साली पुण्यात प्लेग असता तेथील व्यवस्थेतील दोष त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून निर्भयपणे उघड केले. त्याच सुमारास मध्यप्रांतातील दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींना त्यांनी आपल्या आश्रयास आणले. पुढे १९०५ साली केडगावच्या मुक्तिसदनात आध्यात्मिक जागृती झाली, तेव्हा तेथील मुली प्रार्थनेत आपापल्या पापांबद्दल रडल्या. सरकारचा दोष दाखविणारी लेखणी आणि स्वतःची झडती घेणारी प्रार्थना, या दोन्ही एकाच घरात नांदल्या. किंबहुना, ज्याने स्वतःची झडती घेतली त्याच्याच तक्रारीस वजन येते.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाई कडक सोवळे पाळीत असत. पुढे, जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्याच मनाशी सोडविला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या सिद्ध झाल्या. हा पालट कोणा पुढाऱ्याच्या हुकुमाने झाला नाही. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. तरी पंक्तीत कोण कोणाशेजारी बसतो, हे अजून मनेच ठरवितात. कायद्यास वेशीपर्यंत येता येते. अंतःकरणात देवच शिरू शकतो, आणि तोही आपण दार उघडल्यास.

पालकहो, आपली नम्रपणे विनवणी अशी की, मुले आपले भाषण नव्हे तर आपले वर्तन गिरवितात. सायंकाळी पुढाऱ्यांस लाचखाऊ म्हणणाऱ्या बापाने निवडणुकीच्या आदल्या रात्री पाकीट घेतले, तर मुलगा त्यातून काय शिकेल? कुसळ आणि मुसळ यांचा दृष्टांत प्रभूने अशाच प्रसंगांकरिता सांगितला.

आणि विद्यार्थ्यांनो, अठरावे वर्ष पूर्ण होताच तुमच्या हाती मत येईल. उद्याचे सरपंच, तलाठी, आमदार या बाकांवरूनच उठून जाणार आहेत. परीक्षेत नक्कल करणारा उद्या खुर्चीवर बसून निराळा होईल, असे मानण्यास काय आधार आहे? यास्तव रोज निजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसा. आज मी कोठे खोटे बोललो, नळाचे पाणी कोठे वाहू दिले, कोणास जातीवरून हिणविले, हे देवापुढे नाव घेऊन सांगा. क्षमा मागा आणि उद्या दुरुस्त करावयाची एक गोष्ट ठरवा. मग राज्यकर्त्यांसाठीही प्रार्थना करा. पौलाने ती रोमी सम्राटांच्या अमलातही करावयास सांगितली होती. आपल्या शाळेतील हिंदू व मुसलमान मुलांनीही आपापल्या रीतीने ही झडती घ्यावी. प्रामाणिकपणा सर्वांच्याच घरी हवा आहे.

अशा प्रार्थनेने उद्याच विहीर भरेल, असे वचन मी देत नाही. परंतु विहिरीचा गाळ उपसण्याच्या दिवशी जो प्रथम हजर होईल, तो अशी प्रार्थना करून आलेला असेल, असा माझा विश्वास आहे. आणि ग्रामसभेत उभा राहून हिशेब मागण्याचे धैर्यही त्यालाच होईल.