गुणगुण थांबली, दोष राहिला

स्वतःच्या हाताने ध्वनिवर्धक, म्हणजेच अ‍ॅम्प्लिफायर, तयार करण्याचा छंद आपल्याकडे जुना आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणावेत, सुट्टीच्या दिवशी ते जोडत बसावे आणि संध्याकाळी स्पीकरमधून पहिला सूर ऐकावा, यातील आनंद विकतच्या यंत्रात नाही. मात्र पुष्कळदा पहिल्या सुराच्या आधीच ‘घूं’ असा आवाज घुमू लागतो आणि सारा उत्साह मावळतो.

एका निवृत्त गृहस्थांच्या बाबतीत असेच घडले. जुन्या कॅसेटवरील दिवंगत वडीलधाऱ्यांचे आवाज त्यांनी संगणकात उतरवून घेतले होते. ते नीट ऐकता यावेत म्हणून त्यांनी ‘टीडीए २०३०’ जातीच्या दोन आयसी, १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि ४,७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेऊन लोखंडी पत्र्याच्या पेटीत अ‍ॅम्प्लिफायर बसविला. परंतु त्या मंद, थकलेल्या आवाजांवर गुणगुण मात करीत होती. एका स्नेह्याने उपाय सुचविला : “प्लगमधील अर्थिंगची तार काढून टाका.” तार काढली आणि गुणगुण बरीचशी थांबली. घरात समाधान पसरले.

हे समाधान घातक होते. ट्रान्सफॉर्मरमधील आवरण कधी जळाले किंवा एखादी तार सुटून पत्र्याला टेकली, तर २३० व्होल्टचा दाब थेट पेटीवर येतो. अर्थिंग असेल तर मोठा प्रवाह जमिनीकडे वाहून फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर फ्यूज शाबूत राहतो आणि पेटीला हात लावणाऱ्याचे शरीरच प्रवाहाची वाट बनते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरात असावाच, परंतु तो अर्थिंगला पर्याय नव्हे.

सुदैवाने अपघात होण्यापूर्वीच एका जाणत्या इलेक्ट्रिशियनच्या हे ध्यानी आले. त्यांनी प्रथम तार पूर्ववत जोडून घेतली आणि मगच शोध सुरू केला. त्यांची पद्धत साधी होती : एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची.

व्हॉल्यूम शून्यावर आणला. तरीही बारीक, कर्कश घरघर उरली. याचा अर्थ, तेवढा दोष व्हॉल्यूमच्या पुढे, पेटीतच होता. नंतर संगणक काढून बॅटरीवर चालणारा मोबाइल जोडला व व्हॉल्यूम वाढविला. घरघर तेवढीच राहिली, खोल गुणगुण मात्र नाहीशी झाली. पुन्हा संगणक जोडताच ती परतली. म्हणजे दोष एक नसून दोन होते.

पहिला दोष पेटीतील जोडणीचा. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. ब्रिज रेक्टिफायरनंतर कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा, क्षणभराच्या जोरदार झटक्यांनी भरला जातो. इनपुटची ग्राउंड तार रेक्टिफायरच्या ऋण टोकाला जोडलेली होती. त्यामुळे हे झटके ज्या तारेतून जात, तिच्यावरील सूक्ष्म दाब इनपुटमध्ये मिसळून कैक पटींनी वाढत होता. प्लग काढून, कपॅसिटर पूर्ण रिकामा होऊ दिल्यानंतर ती तार सोडविली. इनपुट, आयसी आणि स्पीकर यांच्या ग्राउंड तारा स्वतंत्रपणे कपॅसिटरच्या ऋण टोकाशी एकाच ठिकाणी आणल्या. पत्र्याच्या पेटीशीही ग्राउंड एकाच जागी जोडले. घरघर संपली.

दुसरा दोष यंत्राबाहेरचा. संगणक व अ‍ॅम्प्लिफायर वेगवेगळ्या भिंतींवरील सॉकेटना जोडलेले होते. दोघांची अर्थिंग आणि मधल्या ऑडिओ केबलचे जाळीदार आवरण मिळून तारांचे एक मोठे बंद कडे तयार झाले होते. त्यातून वाहणारा अल्पसा प्रवाहही गुणगुण निर्माण करण्यास पुरेसा होता. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर आणताच ती पुष्कळ कमी झाली. उरलेली घालविण्यासाठी केबलमध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसविला. त्यातून आवाज पलीकडे जातो, पण दोन्ही ग्राउंडमधील धातूचा सांधा तुटतो. अर्थिंगला हात लावावा लागला नाही.

सर्वच आवाज या जातीचे नसतात. व्हॉल्यूम फिरविताना होणारी खरखर बहुधा त्याच्या झिजलेल्या पट्टीची असते. पेटीवर टकटक केल्यावर येणारा कडकडाट सोल्डरचा कच्चा सांधा दाखवितो. म्हणून आधी आवाज ओळखावा आणि मगच हत्यार हाती घ्यावे.

हिशेबाच्या तेरजेत फरक आला की तो सस्पेन्स खात्यात टाकून बेरीज जुळविता येते. परंतु चूक तेथेच राहते आणि पुढे व्याजासह समोर येते. अर्थिंगची तार काढणे हा त्याच जातीचा व्यवहार, आणि त्याचे व्याज प्राणांनी चुकवावे लागू शकते. त्या गृहस्थांच्या घरी आता वडीलधाऱ्यांचे शब्द स्वच्छ ऐकू येतात, आणि प्लगमध्ये तिन्ही तारा जागच्या जागी आहेत.