शाळा कशी आहे हो?

परवा मंडईत ओळखीच्या एक वहिनी भेटल्या. धाकटीची शाळा चौथीपर्यंतच, यंदा पाचवीला दुसरीकडे घालायचं, म्हणून त्यांची शोधाशोध चाललेली. मेथीची जुडी पिशवीत कोंबता कोंबता त्यांनी मला गाठलंच. "तुम्ही शिकवता ना त्या छोट्या शाळेत? मग अगदी खरं सांगा हं, शाळा कशी आहे हो?"

आता काय सांगावं? मी त्या शाळेची अर्ध्या दिवसाची बाई. पाचवी ते सातवीला मराठी शिकवते, महिन्याच्या महिन्याला पगार घेते. चांगली म्हणावं, तर 'या तसंच म्हणणार!' आणि उणं काढावं, तर खाल्ल्या मिठाला जागले नाही! शेवटी म्हटलं, "वहिनी, माझं मत निम्मंच धरा. उरलेलं निम्मं कुठं मिळतं ते मात्र सांगते." आणि तिथंच उभ्या उभ्या सांगत सुटले. भाजीवाली कंटाळली बिचारी! मग वाटलं, प्रवेशाचे दिवस आहेत, घरोघरी हाच विषय असणार. तुम्हालाही सांगावं.

आमची शाळा अगदी लहान. जुन्या दुमजली घरात भरते, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, पटावर पावणेदोनशे मुलं. सरकारी अनुदान नाही, सगळा कारभार फीवर. अशा शाळेबद्दल गावात मतं मात्र भरपूर असतात. फाटकाशी वेगळी, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर वेगळी आणि हळदीकुंकवाला तर आणखीनच वेगळी.

गेल्या वर्षी मार्चमध्ये पालकसभा होती. त्याआधी मोठ्या बाई म्हणाल्या, "नुसत्या ऐकीव गोष्टी नकोत. आपण सरळ विचारूच. पालकांनाही आणि मुलांनाही." पाचवी ते सातवीच्या मुलांना आणि त्यांच्या घरी कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. नाव लिहायचं नाही. शाळेतलं काय आवडतं आणि काय आवडत नाही, एवढंच लिहायचं. चिठ्ठ्या वाचायचं काम आलं माझ्याकडे.

रात्री ओटा आवरून मी स्वयंपाकघरातच जमिनीवर बसले आणि तांदूळ निवडावेत तसे ढीग करू लागले. आधी पालकांचे. 'इंग्रजी बोलायला शिकवत नाहीत' हा सगळ्यांत उंच ढीग. मग 'गृहपाठ फार देतात' आणि त्याच वर्गातून 'गृहपाठ काहीच देत नाहीत'! मैदान नाही, स्नेहसंमेलन मोठ्या सभागृहात व्हावं, फी वाढवू नये, भिंतीवरचा मोठा स्मार्ट बोर्ड हवा. चांगलंही पुष्कळ होतं. शाळा घराजवळ आहे, सगळ्या बाई मुलाला नावानं ओळखतात, पोराला कणकण आली तरी फोन येतो. वाचून बरं वाटलं.

मग मुलांचे ढीग घेतले, आणि वाटलं, ही दुसऱ्याच कुठल्या शाळेबद्दल लिहिताहेत की काय!

इंग्रजीचं नाव नाही, स्मार्ट बोर्डाचं नाव नाही. 'टाकीच्या पाण्याला वास येतो.' 'डबा खायला वेळ पुरत नाही.' 'गणिताच्या बाई मध्येच गेल्या, नव्या बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.' आवडतं काय, तर जिन्याखालची जागा आणि शिपाईमावशी. आणि मुलींच्या अक्षरातल्या सात चिठ्ठ्यांमध्ये एकच वाक्य थोड्याफार फरकानं होतं, 'वरच्या बाथरूमला आतून कडी नाही.'

मी ती सातवी चिठ्ठी हातात धरून कितीतरी वेळ बसले. एका मुलीनं पुढं लिहिलं होतं, 'म्हणून मी शाळेत पाणी पीत नाही.' या मुलींच्या आयांना मी ओळखते. त्यांतल्या दोघींनी माझ्याकडे तक्रार केलेली की पोरगी पाण्याची बाटली भरलेली तशीच परत आणते, जरा लक्ष द्या. मीही वर्गात उभं राहून 'पाणी प्यावं गं, उन्हाळा आहे' असं लेक्चर दिलेलं! कडी कुणी पाहिली होती? मी रोज त्या जिन्यानं वर जाते. पण आम्हा बायकांचं बाथरूम खाली, त्याला कडी आहे.

पन्नास-साठ रुपयांची वस्तू, आणि तिच्यापायी कित्येक महिने पोरी तहानलेल्या. आम्ही मात्र चर्चा करत होतो ती स्मार्ट बोर्डाची.

अजून एक चिठ्ठी सांगायची राहिली. ती सांगायला जरा जडच जातं. 'मराठीच्या बाई हात वर करणाऱ्यांनाच विचारतात. मला येतं, पण मी हात वर करत नाही.'

मराठीच्या बाई म्हणजे मीच की! पहिल्यांदा रागच आला, खोटं कशाला सांगू? मग एकेका वर्गाचे बाक डोळ्यांपुढं आणले. उत्तर कुणी दिलं, कविता कुणी म्हटली, फळ्यावर कुणाला बोलावलं... तीच ती आठ-दहा नावं. सगळ्या मुलांना नावानं ओळखते असं पालकांनी लिहिलेलं. ओळखत होते, पण हाका मात्र ठरावीकच मारत होते.

मैत्रिणींनो, त्या रात्रीपासून माझं एक मत पक्कं झालंय. शाळा कशी आहे हे पालकाला विचारलं तर तो शाळेकडून काय हवंय ते सांगतो. मुलाला विचारलं तर शाळेत रोज काय घडतं ते सांगतो. दोन्ही हवंच. पण आपण दुसरं विचारतच नाही. विचारलं तर "शाळा कशी आहे रे?" एवढंच, आणि पोरगं म्हणतं, "चांगली."

'तोत्तोचान' हे पुस्तक तुमच्यापैकी पुष्कळजणींनी वाचलं असेल. ते तरी दुसरं काय आहे? तेत्सुको कुरोयानागी या जपानी बाईंनी लहानपणच्या शाळेबद्दल दिलेलं मतच! पहिल्या शाळेनं पहिलीतच नाव काढलेली ही मुलगी. तिला आईनं तोक्योतल्या तोमोए या लहानशा खाजगी शाळेत नेलं. जेमतेम पन्नास मुलं आणि वर्ग भरायचे रेल्वेच्या जुन्या डब्यांत. आपण असतो तर फाटकावरूनच परत फिरलो असतो, नाही का? पण तिथले मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी त्या मुलीचं बोलणं तासन्‌तास ऐकत बसले. ती शाळा १९४५ साली बॉम्बहल्ल्यात जळून गेली. पुस्तक आलं १९८१ साली. म्हणजे इतक्या वर्षांनीही त्या बाईंना आठवलं ते काय, तर आपलं कुणीतरी ऐकून घेतलं होतं.

आणि त्यासाठी जपान कशाला हवं? लीलाताई पाटलांनी १९८५ साली कोल्हापुरात 'सृजन आनंद' काढली, मॅक्सीन बर्नसन यांनी १९८६ साली फलटणला 'कमला निंबकर बालभवन' सुरू केलं. याही मराठी माध्यमाच्याच शाळा. त्यांचं नाव झालं ते इमारतीमुळं नव्हे. लहान शाळा म्हणजे कमी प्रतीची शाळा असं नाही, आणि लहान आहे म्हणून आपोआप मायेची असते असंही नाही. पारखूनच घ्यावी लागते.

कशी पारखायची? वहिनींना सांगितलं तेच सांगते.

पहिलं म्हणजे, प्रवेशाच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी सगळीच घरं सारवलेली असतात! एखाद्या साध्या दिवशी शाळा सुटताना फाटकाशी पंधरा मिनिटं उभ्या राहा. मुलं बाईंच्या समोरून कशी जातात ते बघा. मग आत जाऊन पाण्याची जागा आणि मुलींचं स्वच्छतागृह पाहायला मागा. आणि हो, कडीही लावून बघा! २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं स्वच्छ पाणी प्रत्येक शाळेला बंधनकारक केलंय. त्यामुळं विचारायला संकोच नको.

दुसरं, कचेरीत मान्यतेचं पत्र आणि शाळेचा अकरा आकडी यू-डायस क्रमांक विचारा. मान्यता नसलेल्या शाळेत पोराचं पुढं अडतं. वर्गात मुलं किती तेही विचारा. त्याच कायद्याप्रमाणं पाचवीपर्यंत साठ मुलांमागं दोन शिक्षक आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागं एक शिक्षक हवा. आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा आईबापांची मुलाखत घेता येत नाही. मारणं आणि घालूनपाडून बोलणं, दोन्हीला कायद्यानं बंदी आहे.

तिसरा प्रश्न जरा नाजूक, पण मी स्वतः त्यातली म्हणून सांगते. गेल्या वर्षीच्या किती बाई या वर्षी आहेत? आमच्यासारख्या शाळांत पगार बेताचा. कुणाला बरी नोकरी लागली, कुणाला घरच्या शिकवण्या परवडल्या, की वर्ष अर्ध्यावर सोडून जातात. त्यांनाही दोष कसा द्यावा? त्यांच्याही घरी चूल आहेच. पण मुलांच्या वाट्याला पुन्हा पहिला धडा येतो.

चौथी गोष्ट फीची. महाराष्ट्रात त्यासाठी २०११चा कायदा आहे. वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला हवा, आणि पुढच्या वर्षीच्या फीचा प्रस्ताव त्याच्या कार्यकारी समितीपुढं सहा महिने आधी यायला हवा. आपण काय करतो? सभेला जात नाही आणि फाटकाशी कुरकुरतो. जा हो सभेला! कणीक संध्याकाळी मळली तरी चालते.

पाचवं, मतं विचारायचीच तर ज्याचा पहिला नंबर येतो त्याच्या आईला एकटीला विचारू नका. मधल्या बाकावरच्या मुलाच्या आईला विचारा. जिनं शाळेतून मूल काढलं, तिलाही विचारा. मात्र का काढलं ते नीट ऐका.

आणि शेवटचं, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. घरी आलेल्या मुलाला 'शाळा कशी आहे?' असं विचारू नका. आज डबा कुणाशेजारी बसून खाल्लास? बाटली भरलेली का आली? आज बाईंनी तुला काय विचारलं? असं विचारा. भाजी चिरता चिरता, सहज. उत्तर आलं की लगेच गटावर टाकायची घाई नको. एकदा आलेली कुरकुर वाऱ्यावर जाऊ द्यावी. तीच गोष्ट तिसऱ्यांदा आली की पदर खोचून शाळेत जावं.

तर, आमच्या चिठ्ठ्यांचं पुढं काय झालं? मोठ्या बाईंनी सभेत दोन्ही ढीग वाचून दाखवले. मुलांचा ढीग वाचताना सभा अगदी गप्प झाली. दुसऱ्या दिवशी सुतार आला, कडी बसली. टाकी धुण्याची तारीख आता फळ्यावर लिहितात. डब्याची सुट्टी दहा मिनिटांनी वाढली. बाई टिकत नाहीत त्यावर मात्र अजून उपाय सापडलेला नाही. या वर्षीही विज्ञानाच्या बाई दिवाळीत गेल्या.

आणि मी? जूनपासून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात हजेरी क्रमांकाच्या चिठ्ठ्या घालून ठेवल्यात. प्रश्न विचारला की चिठ्ठी काढायची, ज्याचा क्रमांक त्यानं उत्तर द्यायचं. पहिले पंधरा दिवस वर्ग फार संथ चालला. हात वर करणारे तर रुसलेच! 'मला येतं' लिहिणारं ते मूल कुठलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. एका परीनं बरंच झालं. कळलं असतं, तर मी त्या एकालाच विचारत बसले असते.

वहिनी येत्या गुरुवारी पाच वाजता फाटकाशी यायच्या आहेत. येताना धाकटीलाही घेऊन या म्हटलंय. शिकायचं तिला आहे, तिचंही मत होऊ द्या.

तुमच्या घरची बाटली भरलेली परत येते का हो? का येते, ते विचारून मला जरूर कळवा.