१४५३ सालची थाप

आपल्याकडे इतिहासाचे कोणतेही गाइड उघडावे; त्यात एक वाक्य ठाण मांडून बसलेले असते. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, तेथले ग्रीक पंडित आपापल्या पोथ्या काखोटीला मारून इटलीत पळाले आणि युरोपात प्रबोधनाला प्रारंभ झाला. त्यापूर्वी सगळा अंधार. त्यानंतर लख्ख उजेड. जणू इटलीच्या किनाऱ्यावर पाय ठेवताच त्या पंडितांपैकी कोणी भिंतीवरचा खटका दाबला! मुले हे वाक्य घोकतात, उत्तरपत्रिकेत ओकतात आणि गुण घेऊन मोकळी होतात. त्यातलीच काही पुढे मोठी होऊन व्याख्यानमालांतून तेच वाक्य हार घालून घेऊन म्हणतात. मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला शाळामास्तर आहे. कादंबऱ्या लिहितो, म्हणून पंडितांच्या पंगतीत माझे पान कोणी मांडत नाही. पण तारखा वाचायला पदवी लागत नाही, आणि ह्या वाक्याचा निकाल लावायला नुसत्या तारखा पुरेशा आहेत.

जोत्तोने पाडुआच्या देवळातल्या भिंती रंगवून संपवल्या त्या १३०५ च्या सुमारास. त्या भिंतींवर माणसे रडतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात, पाठमोरी उभी राहतात. ज्याला आपण नवी कला म्हणतो ती तिथे आधीच डोळे उघडून बसलेली आहे. पेत्रार्कने व्हेरोनाच्या ग्रंथालयात सिसेरोची पत्रे शोधून काढली १३४५ साली. फ्लॉरेन्सने ग्रीक शिकवायला क्रिसोलोरासला मुद्दाम बोलावून घेतले १३९७ साली. तो पळून आलेला नव्हता, पगारावर आलेला होता. मासाच्चो १४२८ मध्ये मरूनसुद्धा गेला. ब्रुनेलेस्कीने फ्लॉरेन्सच्या मोठ्या देवळाचा घुमट पुरा केला १४३६ साली. म्हणजे पाहुणे वेशीपाशी पोचण्यापूर्वीच लग्न लागले होते, पंगती उठल्या होत्या आणि आचारी भांडी विसळत होते. तरीही लग्न पाहुण्यांनीच लावले, असा आमचा हट्ट!

ग्रीक पंडित आलेच नाहीत असे मी म्हणत नाही. आले, आणि त्यांनी मोलाचे काम केले. त्यांच्यातला सर्वांत मोठा बेसारियन. त्याने १४६८ साली आपला ग्रंथसंग्रह व्हेनिसला देऊन टाकला. पण हा बेसारियनसुद्धा कॉन्स्टँटिनोपल पडण्याच्या चौदा-पंधरा वर्षे आधी धर्मसभेसाठी इटलीत आला होता आणि १४३९ मध्येच कार्डिनल झाला होता. त्याला निर्वासित म्हणायचे असेल तर म्हणावे बापडे.

मग हा अंधार आला कुठून? तो ज्यांना आपला दिवा मोठा दिसायला हवा होता त्यांनी आणला. इटलीतल्या नव्या लेखकांनीच प्राचीन काळ आणि आपला काळ ह्यांच्यामधल्या हजार वर्षांना ‘मधले’ म्हणून हिणवले. वासारीने १५५० साली चित्रकारांची चरित्रे लिहिताना कलेचा पुनर्जन्म झाल्याचे जाहीर केले. स्वतः चित्रकार असल्यामुळे त्या पुनर्जन्मात त्याचाही वाटा होताच. पुढे एकोणिसाव्या शतकात मिशले ह्या फ्रेंच इतिहासकाराने १८५५ साली आणि बर्कहार्ट ह्या स्विस इतिहासकाराने १८६० साली त्या शब्दाचे एक अख्खे युग बनवले. तेच युग इंग्रजी पुस्तकांच्या वाटेने आपल्या गाइडांत येऊन पडले. दुकानदाराने आपल्याच दुकानावर लावलेली पाटी आपण सरकारी दाखला म्हणून वाचतो आहोत.

त्या तथाकथित अंधारात काय काय घडले ते पाहा. बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्डची विद्यापीठे त्याच अंधारातली. चष्मा तेराव्या शतकाच्या अखेरीचा, यांत्रिक घड्याळही त्याच सुमाराचे. बाराव्या शतकात तोलेदो शहरी क्रेमोनाचा जेरार्ड अरबी ग्रंथांचे लॅटिन करीत बसला होता; टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ आणि इब्न सीनाचे वैद्यक युरोपला मिळाले ते असे. १२०२ साली पिसाच्या लिओनार्दोने, ज्याला लोक फिबोनाची म्हणून ओळखतात त्याने, आपले भारतीय अंक इटलीच्या व्यापाऱ्यांपुढे ठेवले. पृथ्वी गोल आहे हे त्या काळच्या विद्यापीठांतले क्रमिक पुस्तकच शिकवीत असे. ‘मध्ययुगात लोक पृथ्वी सपाट मानीत’ हीसुद्धा मागाहून चढवलेली कल्हई आहे. आणि १४१७ साली पोज्जोने ल्युक्रेशियसचे विसरले गेलेले काव्य शोधून काढले म्हणून आपण त्याची पाठ थोपटतो. पण ते त्याला सापडले कुठे? एका मठात. पाचशे-सहाशे वर्षे ज्या जोग्यांनी ते नास्तिकाचे काव्य नकलून आणि राखून ठेवले, त्यांच्या वाट्याला ‘अंधार’ हा एकच शब्द!

ह्याउलट, मध्ययुग म्हणजे श्रद्धेचे सुवर्णयुग होते असे सांगणारेही एक टोळके आहे. त्याचे वकीलपत्र मी घेतलेले नाही. वेठबिगारी होती, दुष्काळ होते, १३४८ च्या काळ्या मरीत विहिरीत विष कालवल्याचा आळ घेऊन ज्यूंना जाळले गेले. आणि पुढच्या तीनशे वर्षांत फार मोठा पालट झाला हेही मला मान्य आहे. माझा वाद आहे तो हा पालट केला कोणी एवढ्यापुरताच.

तो पोथ्यांच्या गाठोड्याने केला नाही. शिकलेला माणूस आणि हाताने काम करणारा माणूस हे दोघे जिथे जिथे एका फळीवर येऊन बसले, तिथे तिथे तो झाला. ब्रुनेलेस्की सोनारकाम शिकलेला. लिओनार्दो दा व्हिंची तर आपण विद्या न शिकलेला माणूस आहोत असे स्वतःच लिहून ठेवतो. लॅटिन त्याला धड येत नव्हते आणि मोठेपणी तो शब्दांच्या याद्या करून ते शिकायला धडपडत होता. (लॅटिन येणाऱ्या त्याच्या टीकाकारांची नावे आज कोणाला ठाऊक आहेत?) १५४३ साली व्हेसेलियसने शरीररचनेचा ग्रंथ काढला, त्यात त्याची तक्रार हीच की, प्राध्यापक उंच आसनावर बसून पोथी वाचतात आणि प्रेत चिरायचे काम न्हाव्यावर सोपवतात. स्वतः सुरी हातात घेतल्यावर त्याला गेलेनच्या चुका दिसल्या.

पण ह्या सगळ्यांत मला जवळचा वाटतो तो एक कुंभार. बर्नार पालिसी त्याचे नाव. दक्षिण-पश्चिम फ्रान्सात १५१० च्या सुमारास जन्मला, काचेवर चित्रे रंगवायचे काम शिकला. एकदा त्याने एक पांढऱ्या झिलईचे मातीचे भांडे पाहिले आणि त्या झिलईने त्याला झपाटले. कोणी कृती सांगेना. सुमारे सोळा वर्षे तो भट्ट्या लावीत राहिला. लाकूड संपले तेव्हा घरातली मेजे आणि जमिनीच्या फळ्या उपसून त्याने भट्टीत घातल्या. बायको काय म्हणाली असेल त्याची कल्पना कोणत्याही संसारी माणसाने करावी. अखेर झिलई साधली. मग तो ताटांवर खरे साप, बेडूक, सरडे, शिंपले ह्यांचे साचे काढून जिवंत वाटावीत अशी चित्रे उठवू लागला, आणि राजदरबारापर्यंत जाऊन पोचला.

ही झाली कला. पुढे हाच कुंभार १५७५ पासून पॅरिसमध्ये जाहीर व्याख्याने देऊ लागला. लॅटिन येत नाही, ग्रीक येत नाही. बोलायचा साध्या फ्रेंचमध्ये. प्रवेशाला पैसे ठेवलेले, आणि आपले म्हणणे कोणी खोटे ठरवले तर चौपट परत करण्याची हमी! श्रोत्यांत मोठमोठे वैद्य बसत. त्यांत आंब्रुआज पारे हा शल्यवैद्यही होता. तोही न्हावीकाम करून वर आलेला, लॅटिनशिवाय फ्रेंचमध्ये लिहिणारा, आणि त्याबद्दल पॅरिसच्या वैद्यक-पंडितांचा रोष पत्करलेला. पालिसी ह्या मंडळींना सांगे की, डोंगरात सापडणारे दगडी शिंपले हे खरोखर कधीकाळी जिवंत असलेले प्राणी होत आणि झरे वाहतात ते पावसाच्या मुरलेल्या पाण्याने. १५८० साली हे सारे त्याने पुस्तकात छापले. ते पुस्तक म्हणजे दोघांचा संवाद आहे. एकीचे नाव ‘उपपत्ती’, दुसरीचे ‘प्रचिती’. प्रश्न विचारते उपपत्ती, आणि शिकवते प्रचिती. आमच्या वर्गात कुंभाराची मुले आहेत, सुताराची आहेत, लोहाराची आहेत. ज्ञान म्हणजे पंडितांच्या काखोटीतले गाठोडे, असे आम्ही त्यांना शिकवतो. पालिसीची गोष्ट त्यांना कोण सांगणार?

त्या गोष्टीचा शेवटही सांगितला पाहिजे. पालिसी प्रॉटेस्टंट होता. आधी एकदा त्याला त्यापायी तुरुंग घडला, तेव्हा दरबारी चाहत्यांनी सोडवले. १५७२ च्या सेंट बार्थोलोम्यूच्या कत्तलीतून तो वाचला. पण अखेर पुन्हा पकडला गेला, धर्म सोडीना, आणि १५९० च्या आसपास बॅस्टिलच्या तुरुंगात मेला. लक्षात घ्या, हे मध्ययुगात घडलेले नाही. आपल्या गाइडातला दिवा लागून सव्वाशेवर वर्षे झाली होती.

इथे त्या वाक्याची दुसरी थाप उघडी पडते. विद्या आली आणि धर्माची पकड सुटली, छापखाना आला आणि अंधश्रद्धा पळाली, असे आपण शिकवतो. गुटेनबर्गचे बायबल १४५५ च्या सुमाराचे. पण त्याच मायन्झ गावच्या छापखान्यातून १४५४ सालीच पापक्षालनाच्या चिठ्ठ्या छापून निघाल्या होत्या. तुर्कांविरुद्ध सायप्रसच्या मदतीला पैसा हवा म्हणून. नाव आणि तारीख भरायला जागा कोरी सोडलेली, आपल्या पावतीपुस्तकांसारखी! ज्या चिठ्ठ्यांवर ल्यूथर १५१७ साली तुटून पडला, त्यांचा बाजार ह्याच यंत्राने भरवला. आणि ल्यूथरचे म्हणणे घरोघर पोचवले तेही ह्याच यंत्राने. यंत्राला दोन्ही सारखीच. आजच्या खिशातल्या यंत्राचेही तसेच आहे.

ल्यूथरने १५२२ साली नवा करार आणि १५३४ साली सबंध बायबल जर्मन भाषेत आणले, हे त्याचे ऋण जर्मन भाषा अजून फेडते आहे. पण त्याच जर्मन भाषेत १५२५ साली त्याने बंडखोर शेतकऱ्यांना कापून काढा असे सरदारांना बजावले, हे आपण मुलांना सांगत नाही. फुफ्फुसातून रक्त कसे फिरते ते लिहिणाऱ्या सर्व्हेटसला १५५३ साली जिनिव्हात जिवंत जाळले ते सुधारकांनी, पोपने नव्हे. ब्रूनोला १६०० साली रोममध्ये जाळले ते पोपच्या धर्मपीठाने. दोन्हीकडची लाकडे सारखीच वाळलेली होती.

आणि चेटकिणी! ‘मध्ययुगीन’ हा शब्द आपण ज्या कृत्यासाठी हमखास वापरतो, त्याचा खरा बहर आला तो सोळाव्या-सतराव्या शतकांत. चेटकिणी कशा ओळखाव्यात, त्यांच्याकडून कबुली कशी काढावी, हे सांगणारा जाडजूड लॅटिन ग्रंथ १४८६ च्या सुमारास छापून निघाला आणि पुन्हा पुन्हा छापला गेला. लिहिणारा अडाणी नव्हता, धर्मशास्त्री होता. सुमारे ४० ते ५० हजार माणसे ह्या आरोपाखाली मारली गेली असे आजचे अभ्यासक मानतात, आणि त्यांत फार मोठा भरणा बायांचा. ग्रह सूर्याभोवती कसे फिरतात त्याचे नियम ज्याने शोधले त्या केप्लरच्या म्हाताऱ्या आईवर १६१५ पासून चेटकीण म्हणून बालंट आले. तिला चौदा महिने कैदेत ठेवले. केप्लरने आपले गणित बाजूला सारून तिचा बचाव लढवला आणि १६२१ साली तिला सोडवली. ज्यांना केप्लर मुलगा नव्हता त्यांचे काय झाले असेल? जोन केली ह्या अमेरिकन विदुषीने १९७७ साली एक प्रश्न विचारला होता, बायकांच्या वाट्याला प्रबोधन आले होते का म्हणून. तिचे उत्तर ‘नाही’ असे होते. आपल्या गाइडांत अजून प्रश्नच पोचलेला नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्हाला युरोपची उठाठेव कशाला? तर ती युरोपची राहिलीच नाही म्हणून. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात लागला. तो खरे तर ॲबिसिनियाला जायचा होता, वाटेत इथेच राहिला. चार वर्षांनी, १५६० साली, त्याच गोव्यात इन्क्विझिशन बसले. म्हणजे ज्याला आपण प्रबोधन म्हणतो ते मराठी मुलखाच्या किनाऱ्याला लागले तेव्हा एका हातात खिळे आणि दुसऱ्या हातात कोलती घेऊनच लागले. ही दोन वेगळी माणसे नव्हती. आणि तरी त्यांच्यातच थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट होता. १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला, तिच्यावर भाळला आणि ख्रिस्ताची कथा त्याने मराठी ओवीत गायली, सुमारे ११ हजार ओव्यांत. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले. देवनागरी खिळे नव्हते, म्हणून ते मराठी पुराण रोमन अक्षरांत छापावे लागले.

पुढे १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढले की, तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. स्टीफन्सच्या पुराणाच्या सतराव्या शतकात तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांतली एकही छापील प्रत आज कोणाच्या हाती लागलेली नाही. ओव्या टिकल्या त्या भाविकांनी हाताने उतरून घेतलेल्या वह्यांतून. १९०७ साली मंगळूरला ते पुराण पुन्हा छापले, तेसुद्धा ह्या वह्यांवरूनच.